धर्मादाय दवाखान्यांचे विश्वस्त

मुंबईत ऑर्थर रोडवर साथीच्या रोगांचे एक इस्पितळ होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी-कामगार त्यावर चालून गेले. ज्या दवाखान्यात आपल्याच चाळींतील प्लेगचे रोगी नेले जात होते, तोच त्यांनी मोडावयास घेतला! ही हकीकत सांगताना पुष्कळजण अडाणीपणा एवढा एकच शब्द उच्चारून मोकळे होतात. आमचे मत निराळे आहे. उचलून नेलेला माणूस परत येत नाही, आत त्याचे काय होते हे सांगणारा आपला असा कोणीही तेथे नाही, अशी ज्यांची अवस्था असते त्यांना अफवेखेरीज दुसरे वर्तमानपत्र नसते. इस्पितळाच्या कारभारात गिरणगावातला एक जॉबर किंवा एक बाई जरी असती, तरी तो जमाव इतका मोठा झाला असता काय, याचा विचार करून पाहावा.

परभणीच्या श्रोत्यांना मुंबईची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. तर आपल्या जिल्ह्यातील धर्मादाय संस्था ज्या कायद्याखाली नोंदल्या जातात, तो १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा मुंबई राज्यात जन्मला. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर तो कायदा आपल्याकडे लागू झाला. कायदा आला, पण त्याच्या मागचे भांडण मात्र आपण ऐकलेले नाही.

पुण्यात १८९७ साली सरकारने प्लेगसाठी समिती नेमली. रँड, फिलिप्स आणि बेव्हरिज असे तिघे, आणि तिघेही इंग्रज अंमलदार. सोजिरांनी घरे तपासली, माजघरे धुंडाळली, आणि २२ जूनच्या रात्री काय झाले ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. सरकार मग थोडे शहाणे झाले. जातीजमातींच्या पुढाऱ्यांना हाताशी धरण्यात आले, आणि ज्या त्या जमातीने काढलेल्या प्लेग-इस्पितळांना अधिक वाव मिळाला. तेथे रोगी आपल्या पायांनी जाऊ लागले. औषध काही निराळे नव्हते, परंतु कारभारी ओळखीचे होते.

तथापि या जमातवार इस्पितळांचे आम्हाला कौतुक नाही. ज्या जमातीत शेटजी होते तिला खाटा मिळाल्या. ज्यांच्यात शेटजीच नव्हते त्यांनी कोठे जावयाचे? या प्रश्नाला सत्यशोधकांनी कृतीने उत्तर दिले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांचा अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना आठवते. त्याच अर्जात कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमच्या जायबंद्याला निर्वाहाची तजवीज मागितली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. हे कलम सुचण्यासाठी कामगारांत वावरलेला माणूसच लागतो. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले त्याच कामात गेल्या.

स्त्रियांची कथा याहून वेगळी नाही. कामा इस्पितळ १८८६ साली उघडले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखावर रुपये दिले, आणि इस्पितळ स्त्री-डॉक्टरांच्याच ताब्यात असावे अशी अट घातली. सरकार सुरुवातीला कुरकुरले, मग नमले. देणगीदाराने अट घातली म्हणून बायकांच्या हाती कारभार गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अट घालणारा देणगीदार भेटला नाही, तेथे बायका परिचारिका म्हणून राबल्या आणि सह्या पुरुषांनी केल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. त्याने प्रथमच असे ठरविले की, ज्याच्या वेतनातून दवाखान्याचे पैसे कापले जातात त्याचा प्रतिनिधी महामंडळावर मालकाच्या प्रतिनिधीइतक्याच संख्येने बसेल. ही दया नव्हती, वर्गणी होती. हे बळ मोठेच आहे. पण त्या जागांवर बहुधा आमच्यासारखे संघटनांचे पुढारीच जाऊन बसले. रांगेत चिठ्ठी धरून उभी असलेली बाई तेथवर क्वचितच पोहोचली. पुढे इंदूरला १९९४ साली यशवंतराव रुग्णालयातील उंदरांचा बंदोबस्त करता करता रोगी कल्याण समिती निघाली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तीच कल्पना रुग्ण कल्याण समिती या नावाने आपल्या सरकारी दवाखान्यांत आणली.

धर्मादाय इस्पितळांची गोष्ट मात्र अर्ध्यावरच थांबली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून चालू आहे. तिच्याप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट, दहा टक्के दुर्बळांना सवलतीत, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धनांच्या निधीत जमा करावयाची. खाट मिळाली, पण बैठकीतली खुर्ची नाही. पुष्कळ घटनापत्रांत रिकामी जागा उरलेल्या विश्वस्तांनीच भरावयाची असते. मग डॉक्टरांचा स्नेही, व्यापाऱ्याचा मुलगा आणि वकिलांचे व्याही एवढ्यात निवड आटोपते. त्यात लबाडी असतेच असे नाही. माणूस ओळखीतलाच माणूस शोधतो. पण निर्धनांच्या खाटा रिकाम्या का राहतात, हे त्या मंडळींना कागदावरून कळत नाही. दारावरच्या पहारेकऱ्याच्या दरडावण्याने माणूस परत फिरतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसिलीचे दोन हेलपाटे म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हे ज्याला सोसावे लागते तोच सांगू शकतो.

असे लोक मिळत नाहीत, हिशेब कळत नाही, असा आक्षेप नेहमी येतो. मोंढ्यात टोळीचा मुकादम थप्पीतली पोती मोजतो, प्रत्येकाच्या वाट्याची हमाली संध्याकाळी तोंडी वाटतो, आणि त्यात चार आण्यांचा फरक पडला तर टोळी त्याला सोडत नाही. त्याला ताळेबंद दोन बैठकांत समजतो. मात्र तो ताळेबंद मराठीत पाहिजे आणि आठवडाभर आधी हाती पडला पाहिजे. बैठक सकाळी अकराला ठेवली तर मुकादम येणार नाही, आशाताईही येणार नाही. ती मोंढा उठल्यावर ठेवावी, आणि रोजंदारीवाल्याची बुडालेली मजुरी कशी भरून द्यावयाची हे नियमांत लिहून घ्यावे. एकटा नवखा दहाजणांत मान हलवीत बसतो, म्हणून निदान दोन-तीन जागा एकाच वेळी भराव्यात: एक बाई, एक तांडा वा दलित वस्तीतला माणूस, एक स्वतः त्या दवाखान्यात खाटेवर पडलेला. नावे विश्वस्तांनी सुचवू नयेत, वस्तीने सुचवावीत. पुढचे काम कारकुनी आहे. ठराव करावयाचा, आणि नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावयाचा.