नाकाच्या वाटेवरचा नकाशा

गोंदियात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की कुणालाही कळतं. पित्ताचे खडे असोत, गर्भाशय असो की नाक, मोठा छेद न घेता नळी आत घालून केलं की ते दुर्बिणीचं. हा शब्द फारसी, अर्थ 'दूरचं पाहणारी'. किल्ल्यावरून कोसभर लांबची फौज दाखवणाऱ्या वस्तूचं नाव मराठीने शरीरात वीतभर आत पाहणाऱ्या नळीलाही दिलं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. जिथे डोळा पोचत नाही तिथलं दाखवायचं, मग अंतर कोसाचं असो की वितीचं.

मी सीटी मशीनवर काम करतो. मेंदूच्या तळाशी, पियुषिका ग्रंथीवर गाठ असलेला रुग्ण आमच्याकडून स्कॅनची सीडी घेतो आणि 130 किलोमीटरवरच्या नागपूरची गाडी पकडतो. या सीडीचं पुढे काय होतं, हे मला बरीच वर्षं नीट ठाऊक नव्हतं. डॉक्टर ती पाहत असतील, एवढंच वाटायचं. पण जिथे सोय आहे तिथे ती नुसती पाहत नाहीत. दुर्बिणीच्या जिवंत चित्रावर ती अंथरतात. पडद्यावर गुलाबी, ओलसर हाड दिसत असतं आणि त्या हाडाआड लपलेल्या रोहिणीची रेषा त्याच चित्रावर रंगाने उमटते.

या तंत्राचं एक घराणं नाही, तीन आहेत.

पहिलं उजेडाचं. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टराने 1806 साली मेणबत्ती, आरसा आणि नळी जोडून शरीरात उजेड नेणारं यंत्र मांडलं. पुढची दीडशे वर्षं अडचण एकच राहिली, की नळी बारीक केली की अंधार. इंग्लंडच्या हॅरॉल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाने ती सोडवली. जुन्या नळीत लहान भिंगं असत आणि त्यांच्यामध्ये लांब मोकळी हवा. त्याने रचना उलटी केली. काचेचे लांब दांडे ठेवले आणि हवा त्यांच्यामधल्या फटीपुरती उरवली. 1959 सालचं हे पेटंट. आज नाकात जाणाऱ्या 4 मिलिमीटरच्या ताठ दुर्बिणीत हेच दांडे आहेत.

दुसरं घराणं वाटेचं. 1907 साली इन्सब्रुकमध्ये हर्मान श्लोफरने नाकाच्या बाजूने जाऊन पियुषिकेची गाठ काढली. त्यासाठी त्याला नाकच बाजूला उलटावं लागलं. व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्शने 1910 मध्ये नाकपुडीतूनच वाट काढली. अमेरिकेत हार्वे कुशिंगने ओठाखालून जायची पद्धत रुळवली आणि पुढे स्वतःच ती सोडून कवटी उघडण्याकडे वळला. वाट बुजलीच असती. पण त्याच्याकडे शिकलेल्या एडिंबरोच्या नॉर्मन डॉटने ती चालू ठेवली, डॉटकडे पाहून पॅरिसच्या जेरार गियोने उचलली आणि गियोकडे शिकलेल्या माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डीने तिला सूक्ष्मदर्शक दिला. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली ही विद्या, गाण्याच्या घराण्यासारखी. 1997 साली पिट्सबर्गच्या जो आणि कराऊ यांनी 50 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात सूक्ष्मदर्शकाची जागा दुर्बिणीने घेतली होती.

तिसरं घराणं नकाशाचं, आणि माझा जीव त्यात जास्त गुंततो. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. कवटी न उघडता आतला नकाशा हाती आला. पण नकाशा भिंतीवर आणि रुग्ण टेबलावर. दोन्हींची सांगड सर्जन मनातल्या मनात घालायचा. अमेरिकेतल्या डार्टमथच्या डेव्हिड रॉबर्ट्सने 1986 साली ते काम यंत्राकडे दिलं. सूक्ष्मदर्शकावर ठिणग्या पाडणारे आवाजाचे स्रोत बसवले, छतालगतच्या मायक्रोफोननी त्यांची जागा मोजली आणि स्कॅनमधल्या गाठीची बाह्यरेषा थेट सर्जनच्या डोळ्यापुढच्या दृश्यात उतरवली. खऱ्या दृश्यावर माहिती चढवण्याच्या या कल्पनेला आज जे इंग्रजी नाव आहे, ते त्यानंतर, 1990 च्या सुमारास, बोईंगच्या टॉम कॉडेलने दिलं. तो विमानातल्या तारांची जोडणी सोपी करायच्या खटपटीत होता. म्हणजे नावाआधी वस्तू आली.

जिवंत चित्राशी जुना नकाशा जुळवायचा म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी तलावावर कळलं होतं. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या तलावात उन्हाळ्यात पाणी आटलं की तळ उघडा पडायचा. कुठे डोह, कुठे जुना खुंट, सगळं दिसायचं. पावसाळ्यात तलाव भरला की वर नुसतं पाणी. तरी धीवर काका डोंगा अशा वाटेने न्यायचे की जाळं खुंटाला कधी अडकायचं नाही. ते पाण्याकडे पाहतच नसत. पाळीवरचं मोहाचं झाड आणि मागच्या डोंगराचा सुळका एका रेषेत आला, की डावीकडे खुंट. उन्हाळ्यातला तळ म्हणजे स्कॅन, पावसाळ्यातलं पाणी म्हणजे व्हिडिओ, आणि झाड व सुळका म्हणजे दोन्हींना बांधणाऱ्या खुणा.

ऑपरेशनच्या खोलीत तेच होतं. रुग्णाचं डोकं पक्कं धरलेलं असतं. एका दांडीने कपाळ, नाकाचा बांध, डोळ्यांचे कोपरे अशा जागांना स्पर्श करतात आणि संगणक त्या खुणा स्कॅनमधल्या खुणांशी बसवतो. मग दुर्बिणीला लावलेल्या परावर्तक गोळ्या कॅमेरा पाहत राहतो, म्हणजे नळीचं टोक कुठे आहे ते क्षणोक्षणी कळतं. 2002 साली तोक्योच्या कावामाता आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने पियुषिकेच्या शस्त्रक्रियेत गाठ आणि आसपासच्या रचना थेट दुर्बिणीच्या चित्रावर दाखवल्या.

त्यात एक किचकट काम आहे, ज्याचं श्रेय कुणी फारसं देत नाही. दुर्बिणीचं भिंग सरळ रेघ बाहेर फुगवून दाखवतं. नकाशा सरळ, चित्र फुगीर, मग कडेला दोन्ही जुळणार कसे? म्हणून दुर्बिणीसमोर आधी बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा तक्ता धरतात. चौकोन किती वाकले ते संगणक मोजतो आणि तेवढाच बाक नकाशाला देतो. तिरकी पाहणारी, 30 अंशांची दुर्बीण असेल तर आणखी पेच. सर्जन नळी फिरवतो पण कॅमेरा जागीच राहतो, तो फेरही वेगळा मोजावा लागतो. पियुषिकेच्या दोन्ही अंगांना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या, वर दृष्टीच्या नसा. तिथे दोन मिलिमीटरची चूक लहान नसते.

धीवर काकांचंही एक भय होतं. मोठा पूर आला की गाळ सरकतो, मग उन्हाळ्यातली आठवण खोटी ठरते. कवटीचं हाड हलत नाही, म्हणून नाकाच्या वाटेवर हे तंत्र इतकं टिकलं. पण गाठ निघू लागली की वरचा मऊ भाग खाली उतरतो आणि सकाळचा नकाशा दुपारी जुना होतो. तेव्हा सर्जन डॉप्लरची सळई हाडाला टेकवून रोहिणीचा आवाज ऐकतात.

गाठ काढल्यावर मेंदूच्या तळाला भोक उरतं. ते बुजवायला 2006 साली अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगुय यांच्या नावाने रूढ झालेला उपाय म्हणजे नाकाच्या पडद्याचं अस्तर रक्तवाहिनीच्या देठासकट उचलून आत वळवणं. हे वाचताना मला पुणं आठवलं. इंग्रजी फौजेतला बैलहाक्या कावसजी टिपूच्या कैदेत नाक गमावून आला आणि पुण्याकडच्या एका वैद्याने कपाळाची कातडी देठासकट फिरवून त्याला नाक दिलं. ती हकीकत लंडनच्या मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली. त्या वैद्याचं नाव कुणी खात्रीने नोंदलं नाही, याची मला हळहळ वाटते. देठ तुटू द्यायचा नाही हे सूत्र त्याच्याही हातात होतं.

2021 च्या उन्हाळ्यात करोनामागून काळी बुरशी आली. नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे चढणारी. नागपूरच्या कान-नाक-घसा विभागांत दुर्बिणी रात्रंदिवस चालल्या. मेलेलं हाड काढलं की ओळखीच्या खुणाच उरत नाहीत, अशा नाकात दुसऱ्यांदा शिरताना नकाशाची किंमत कळते.

तो नकाशा आमच्यासारख्यांच्या मशीनवर तयार होतो. वाट दाखवण्यासाठी काप 1 मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ लागतात. मागे गावाकडचे एक आजोबा दुसऱ्या ठिकाणी काढलेली फिल्म घेऊन आले होते. कोपऱ्यातला आकडा पाहिला, 5.0. मी त्यांना पुन्हा टेबलावर झोपवलं, डोकं सरळ केलं, हनुवटीखाली पट्टा बांधला आणि म्हटलं, "आजोबा, दोन मिनिटं गिळू नका."