पिंप मोडले आणि डीएनए सापडला

ग्रोईएल या प्रथिनाचे काम त्याच्या आकारात दडलेले आहे. ई. कोलाय जिवाणूत सात-सात घटकांची दोन कडी एकमेकांवर बसून त्याचे पिंप होते, आणि त्या पोकळीत इतर प्रथिनांची घडी नीट बसते. क्षयाच्या जंतूपाशी मात्र अशी दोन ग्रोईएल आहेत. एकाने काम भागते, तर दुसरे कशासाठी?

नागपूरचे शेखर मांडे व त्यांचे सहकारी हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्रात या कोड्यामागे लागले. २००४ साली त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ग्रोईएल-२ची रचना उलगडली. तेथे चौदांचे पिंप नव्हतेच. घटक जोडीजोडीने होते! पिंप नसेल तर त्याचे नेहमीचे काम कसे चालावे, हा प्रश्न मग टाळता येईना.

उत्तराचा एक धागा २००९ साली ग्रोईएल-१ने दिला. हे प्रथिन डीएनएला बिलगते, तेही अक्षरक्रम न पाहता. जनुकांचे नियमन करणारी प्रथिने डीएनएच्या खाचेत शिरून ठरावीक अक्षरे वाचतात. याचा तसा आग्रह नाही. त्याने लांब डीएनए आवळून गोळा केल्याचे सूक्ष्मदर्शकात दिसले. डीएनए तोडणाऱ्या विकरापासूनही ते त्याचे रक्षण करते.

या जंतूला केंद्रक नाही. सुमारे ४४ लाख अक्षरजोड्यांचा, म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर लांबीचा धागा त्याला काही मायक्रोमीटरच्या देहात मावून घ्यावा लागतो.