हिमायत बाग : नांदती राहिलेली फळबाग

आबिड्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर मोअज्जम जाही मार्केट आहे. १९३५ साली उभ्या राहिलेल्या या दगडी बाजारातील फळांची आठवण आपल्यातील अनेक ज्येष्ठांना असेल. फळांचा घाऊक व्यापार पुढे तेथून हलला. अलीकडे इमारतीची उत्तम दुरुस्ती झाली. तो फळबाजार मात्र परतला नाही.

याहून वेगळे उदाहरण आपल्या जुन्या निजामी मुलखातच आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाजाजवळ सतराव्या शतकातील हिमायत बाग आहे. विस्तार सुमारे ३०० एकर. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, तरी ही बाग कामातच राहिली. १९७२ साली स्थापन झालेल्या मराठवाड्यातील कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र व रोपवाटिका आज तेथे आहे.

पडकी भिंत चुन्याने सांधता येते. म्हाताऱ्या आंब्याला तो उपाय नाही. त्याची काडी कोवळ्या रोपावर बांधावी लागते. मग झाड गेले तरी त्याचाच आंबा कलमातून पुढे चालतो. बागेचा जीर्णोद्धार असा दरवर्षी करावा लागतो आणि त्यासाठी जमीन शाबूत लागते. भोवती शहर दाटत असताना ती राखणे सोपे नाही.

म्हणून वेरूळला जाताना तासभर तेथे थांबावे, मुलांना कलम म्हणजे काय ते दाखवावे. बाग टिकते ती राबणाऱ्या हातांनी. पण माणसांचा राबता असला, की तिच्याकडे रिकामी जागा म्हणून कोणी पाहत नाही.