तारीख आमची, मत तुमचं

12 जून 1975, सकाळी दहा. अलाहाबाद उच्च न्यायालय. न्या. जगमोहनलाल सिन्हा पंतप्रधान इंदिरा गांधींची 1971ची रायबरेलीची निवड रद्द ठरवतात. सहा वर्षं निवडणुकीला बंदी. बाईंचे सहायक यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला लागले, अधिकाऱ्यांनी सभांची व्यासपीठं बांधून दिली. आपल्याकडच्या जिल्ह्यांतला प्रचार पाहिलेला माणूस म्हणेल, एवढंच?

24 जून. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर: पंतप्रधान राहा, लोकसभेत बसा, मतदान मात्र करू नका.

25 जून, संध्याकाळ. दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण यांची सभा. बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांच्यासह बाई राष्ट्रपती भवनात जाऊन आलेल्या. 1971च्या युद्धातली आणीबाणी अजून उठलेलीच नव्हती. आता तिच्यावर दुसरी.

रात्री पावणेबाराच्या सुमारास. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आणीबाणीच्या हुकमावर सही करतात.

मध्यरात्रीनंतर. बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज जाते. कॅनॉट प्लेसकडे वीज दुसऱ्या खात्याची, म्हणून तिथली दोन वर्तमानपत्रं निघाली. हुकूमशाहीतही खात्याखात्यांत ताळमेळ नसतो!

26 जून, पहाटे तीन. जयप्रकाश अटकेत.

सहा. मंत्रिमंडळाला कळतं. सही आधी, बैठक नंतर.

आठ. आकाशवाणी. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे हिंगोलीसकट, बातमी पोचली ती रेडिओवरून. निजामाच्या राजवटीतून सुटलेल्या या मुलखाने लोकसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं ते 1952च्या निवडणुकीत. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा शेजारच्या नांदेडचे, शंकरराव चव्हाण.

मतपेटी कुणी फोडली नाही. ऑगस्टमध्ये 39व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. मार्च 1976मध्ये लोकसभेची मुदत संपायची. ती वाढवली, नोव्हेंबरात पुन्हा वाढवली. निवडणूक हवीच होती, फक्त आपल्या सोयीने. फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस यानेही 1986ची निवडणूक याच हिशेबाने घेतली आणि मतदानाला महिनाही न लोटता त्याला देश सोडावा लागला.

18 जानेवारी 1977. निवडणुकीची घोषणा. विरोधी पुढारी तुरुंगातून नुकते सुटू लागलेले, पक्ष विस्कटलेले, आणीबाणी कायम. शिक्कामोर्तब करून घ्यायला याहून बरी वेळ कोणती?

20 मार्च, रात्र. मतमोजणी. रायबरेलीत बाईंचे प्रतिस्पर्धी राजनारायण पुढे.

21 मार्च. आणीबाणी मागे. परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख निवडून आले, नांदेडातून केशवराव धोंडगे, लातुरातून उद्धवराव पाटील. तिघेही याच, खटारा चिन्हाच्या पक्षाचे. महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 पैकी काँग्रेसला 20. मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याची जागाही त्यात नव्हती.