अडकलेल्या काडतुसाचा दोष कोणाचा?

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण आज कोणालाच जाणवत नाही. हा शब्द उच्चारताच आपल्या मनात येते ते १८५७, चरबी लावलेली, दातांनी तोडायची काडतुसे आणि त्यांतून पेटलेला वणवा. एका क्षुद्र वस्तूभोवती राज्यकर्त्यांचा उद्दामपणा आणि शिपायांचा अविश्वास कसा गोळा होतो, याचा तो आपल्या परिचयाचा दाखला आहे. अशाच दुसऱ्या एका काडतुसाची कथा आम्हांला येथे मांडावयाची आहे. ती पहिल्या महायुद्धातील कॅनडाच्या सैनिकांची आहे. तेथे प्रश्न धर्माचा नव्हता, यंत्राचा होता; पण शिपायाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा पेच तेथेही होताच.

आधी यंत्र समजून घेऊ. बोल्टच्या रायफलीत मॅगझिनमधील स्प्रिंग काडतुसे वर ढकलते. बोल्ट पुढे सारला की वरचे काडतूस नळीच्या मागच्या टोकाच्या कोठीत, म्हणजे चेंबरमध्ये जाते. गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून कोठीच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसते. मग बोल्ट मागे ओढला की ती बाहेर पडते व पुढच्या काडतुसाला वाट मिळते. म्हणून नवे काडतूस आत जात नाही तेव्हा तीन ठिकाणी पाहावे लागते : मॅगझिनमध्ये काडतुसे नीट बसली आहेत काय, आधीची पुंगळी कोठीत अडकली आहे काय, आणि बोल्ट स्वतःच विद्रूप झाला आहे काय. वरवर पाहता तिन्ही बिघाड सारखेच दिसतात. कारणे मात्र वेगळी, आणि त्यांना जबाबदार माणसेही वेगळी.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या काळात (१८९९–१९०२) कॅनडाला ब्रिटनकडून ली-एनफील्ड रायफली मिळेनात. तेव्हा सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश उमरावाने आपली रायफल पुढे केली आणि क्वेबेक येथे तिचा कारखाना उभा राहिला. या रायफलीचा बोल्ट वळवावा लागत नसे. तो सरळ मागे ओढायचा व सरळ पुढे ढकलायचा. नेमबाजीत ती अव्वल होती. इंग्लंडमधील बिस्लीच्या स्पर्धांत तिने नाव मिळवले. स्वदेशी शस्त्र म्हणून तिच्याविषयी अभिमान होता आणि लष्करी खात्याचे मंत्री सॅम ह्यूज तिचे खंदे पुरस्कर्ते होते.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. त्यानंतरच्या लढाईत कॅनडाची पहिली डिव्हिजन प्रतिहल्ल्यांना तोंड देत होती. भराभर गोळ्या झाडताना रायफली तापल्या, त्यांत चिखल गेला आणि बोल्ट हलेनासे झाले. सैनिक बुटाच्या टाचेने, कुदळीच्या दांड्याने बोल्टवर प्रहार करू लागले. शत्रू समोरून येत असता हातातील बंदूक लाकडाचा दांडा होऊन बसावी, ही अवस्था कल्पनेनेही अस्वस्थ करते. लढाईतून वाचलेल्या सुमारे ५,००० पायदळ सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस रायफल टाकून दिली होती आणि पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलल्या होत्या.

मग निदानाचा वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, दोष दारूगोळ्याचा. यात तथ्य होते. युद्धाच्या घाईत ब्रिटनमध्ये बनलेली .३०३ काडतुसे मापाने एकसारखी नव्हती. ली-एनफील्डची कोठी सैल असल्याने ती हा फरक सहन करी. अचूकतेसाठी घट्ट ठेवलेली रॉसची कोठी करीत नसे. शिवाय बोल्ट वळवताना अडकलेली पुंगळी सैल करण्यास जो जोर मिळतो, तो सरळ ओढीच्या बोल्टला पुरेसा मिळत नसे. कोठ्या रुंद करण्यात आल्या, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. आणखी एक दोष होता. बोल्ट मागे येऊन ज्या खुंटीवर आदळे, ती अरुंद होती. वारंवारच्या आघाताने बोल्टच्या आट्याची कड चेपे आणि मग तो आपल्या खाचेत फिरेना. पुढे ही खुंटी मोठी करण्यात आली. म्हणजे दारूगोळा, कोठी आणि बोल्ट या तिन्हींचा दोष एकत्र आला होता. ज्याला जो दोष सोयीचा, त्याने तोच खरा मानला.

कॅनडाच्या कोअरचे ब्रिटिश सेनापती ऑल्डरसन यांनी १९१६ मध्ये या रायफलीविरुद्ध लिहिले, तेव्हा ह्यूज यांनी त्यांना कठोर उत्तर दिले आणि त्याच्या प्रती ऑल्डरसन यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांनाही पाठवल्या. त्याच वर्षी ऑल्डरसन यांच्याकडून कोअरचे नेतृत्व गेले. पहिल्या डिव्हिजनला १९१५ च्या जूनमध्येच ली-एनफील्ड मिळाल्या होत्या. इतरांना त्या १९१६ मध्ये मिळाल्या. नोव्हेंबर १९१६ मध्ये ह्यूज यांनाही मंत्रिपद सोडावे लागले.

तरीही रॉस ही निव्वळ वाईट रायफल होती, असा निष्कर्ष आम्हांस घाईचा वाटतो. दडून नेम साधणाऱ्यांनी ती पुढेही वापरली. ओजिब्वा जमातीचा नामांकित नेमबाज फ्रान्सिस पेगामागाबो हाही तीच वापरी. निवांतपणे, निवडक काडतुसे भरून, एक-एक गोळी झाडणाऱ्याला ती उत्तम साथ देई. चूक झाली ती मैदानावरच्या यशावरून खंदकातली योग्यता ठरवण्यात.

साहित्याचे वा इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण लेखी पुराव्याला मान देतो. मंत्र्याचे पत्र, सेनापतीचा अहवाल, कारखान्याचा खुलासा हे सारे कागदावर आहे. सामान्य शिपायाला मात्र रणांगणावर अहवाल लिहायला सवड नव्हती. त्याने हातातील रायफल टाकली आणि मृताच्या हातातली घेतली. १,४५२ वेळा नोंदवलेले हे मत वाचायला अधिकाऱ्यांना वर्षाहून अधिक काळ लागला. १८५७ ची काडतुसे आठवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.