सज्ञान मुलांसह थीम पार्कची सहल : कतारमधील मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

मुले लहान असताना थीम पार्कचा बेत आईवडील ठरवतात आणि मुले त्यात आनंदाने सामील होतात. मुले विशीत पोहोचली की हा क्रम उरत नाही. कोणी पुण्यात नोकरीला लागलेले असते, कोणी टोरांटोत शिकत असते आणि आईवडील अजून दोह्यात असतात. अशा कुटुंबाला तिकिटे सहज मिळतात. चौघेही एकाच वेळी मोकळे असतील असे चार दिवस मिळणे मात्र कठीण होते.

कतारमधील कुटुंबांच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. येथील घर नोकरीशी बांधलेले असते. नोकरी संपली की काही काळाने निवासपरवानाही संपतो, आणि मुले ज्या शहरात वाढली तेथे परतण्याचे निमित्तच उरत नाही. नाशिकचे किंवा साताऱ्याचे घर आईवडिलांच्या आठवणीतले. मुलांच्या आठवणीतले घर म्हणजे बहुधा अल साद किंवा अल वक्रा येथील भाड्याची सदनिका. आईवडील येथे आहेत तोवरच्या अशा सुट्ट्या मोजक्याच असतात. म्हणून त्यांची आखणी काळजीपूर्वक करावी.

प्रथम कागदपत्रे

कतारच्या नियमांनुसार आईवडिलांच्या प्रायोजकत्वावर मुलगा शिक्षण पूर्ण होईपर्यंत, कमाल वयाच्या २५ वर्षांपर्यंत, राहू शकतो. अविवाहित मुलीला वयाची ही मर्यादा नाही. मात्र परवानाधारक सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना धोक्यात येतो आणि परतण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही मुदत नकळत उलटून जाते. तेव्हा मुलांची शेवटची निर्गमनाची तारीख आधी पाहावी आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.

परवाना संपलेला असल्यास मूल पाहुणा म्हणून येते. भारतीय पारपत्रधारकांना २०१७ पासून काही अटींवर पूर्वव्हिसाशिवाय कतारमध्ये प्रवेश मिळतो. परतीचे तिकीट, पारपत्राची किमान सहा महिन्यांची मुदत आणि निवासाचे आरक्षण या त्यांतील प्रमुख अटी. मूल हॉटेलऐवजी आईवडिलांच्या घरी राहणार असेल, तर कौटुंबिक भेटीचा व्हिसा सोयीचा ठरतो. या अटी बदलत असल्याने ‘हय्या’ या सरकारी संकेतस्थळावर त्या निघण्यापूर्वी पुन्हा पाहाव्यात.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांनी परतीचाही विचार करावा. पारपत्रावरील एफ-१ व्हिसाची मुदत आणि आय-२० या कागदावरील प्रवासाची स्वाक्षरी या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वी तपासल्या नाहीत, तर चार दिवसांच्या सहलीपायी सत्र बुडण्याची वेळ येऊ शकते.

तारखा ठरवताना

कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावरील श्रमाच्या कामास कायद्याने मनाई असते. उन्हाळ्याची तीव्रता समजण्यास एवढे पुरेसे आहे. या महिन्यांत बंदिस्त उद्यान किंवा जलोद्यानाची संध्याकाळ एवढेच पर्याय उरतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. डिसेंबरचा उत्तरार्ध तर अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील विद्यापीठांच्या सुट्टीशी जुळतो. मात्र त्याच दिवसांत विमानभाडे सर्वाधिक असते आणि १८ डिसेंबरच्या कतार राष्ट्रीय दिनाची गर्दीही त्यात मिसळते.

रमजानचा विचार येत्या काही वर्षांत विशेषत्वाने करावा लागेल. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हा महिना दरवर्षी मागे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या मध्यास सुरू झाला. २०३० मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस येईल. म्हणजे हिवाळी सुट्टी आणि रमजान वरचेवर एकमेकांजवळ येणार. त्या महिन्यात उद्यानांच्या वेळा संध्याकाळकडे झुकतात आणि दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणेपिणे टाळावे लागते.

साप्ताहिक सुट्टीही ध्यानात घ्यावी. कतारमध्ये ती शुक्रवार-शनिवारी असते. संयुक्त अरब अमिरातींनी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला. शनिवार दोन्हीकडे गर्दीचा. शक्य असल्यास मुख्य उद्यानासाठी सोमवार ते गुरुवारमधील दिवस निवडावा.

कतारमधील पर्याय

दोन-तीनच दिवस हाती असतील, तर देशाबाहेर जाण्याची गरज नाही. मुशैरिब भागातील ‘दोहा क्वेस्ट’ हे पूर्णतः बंदिस्त उद्यान उन्हाळ्यातही उपयोगी पडते. तेथील उंच रोलर कोस्टर मोठ्या मुलांनाच अधिक भावतो. लुसैलजवळच्या उत्तर कतैफान बेटावरील ‘मेरयाल’ जलोद्यानात ८५ मीटर उंचीचा मनोरा असून त्यावर ‘रिग १९३८’ ही जगातील सर्वांत उंच घसरगुंड्यांपैकी एक आहे. दुखान येथे तेलविहिरीचे खोदकाम १९३८ मध्ये सुरू झाले, त्याची आठवण या नावात आहे. आयुष्याची पंधरा-वीस वर्षे येथील तेल आणि वायू उद्योगात घालवलेल्या अभियंत्याला हे नाव मुलांना समजावून सांगताना वेगळे समाधान वाटेल.

दोह्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, सौदी सीमेजवळच्या सलवा किनाऱ्यावर ‘डेझर्ट फॉल्स’ हे जलोद्यान आहे. ते निवासी संकुलाचाच भाग असल्याने तेथे एक रात्र मुक्काम करणे उचित. ज्यांना फिरण्यापेक्षा एकत्र बसणे हवे आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय सर्वांत शांत.

यास बेट

चार-पाच दिवस असतील तर अबू धाबीचे यास बेट हा स्वाभाविक विस्तार होय. दोह्याहून विमानाने तास-सव्वा तासात पोहोचता येते. ‘फेरारी वर्ल्ड’ (२०१०), ‘यास वॉटरवर्ल्ड’ (२०१३), ‘वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड’ (२०१८) आणि ‘सीवर्ल्ड’ (२०२३) ही चार उद्याने एकाच बेटावर असल्याने मतभेदाला वाव देऊनही कुटुंब एका हॉटेलात राहू शकते. वेगाची आवड असलेल्यांनी ताशी २४० किलोमीटर वेगाचा ‘फॉर्म्युला रोसा’ गाठावा. ‘सीवर्ल्ड’ सर्व वयोगटांना जमते. याच बेटावर डिस्नेचे उद्यान उभारण्याची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. ते साकार होण्यास काही वर्षे लागतील.

अमिरातींचा व्हिसा मात्र प्रत्येकाचा वेगळा तपासावा. कतारमधील निवासपरवाना असलेल्या आईवडिलांनी आगाऊ ई-व्हिसा घ्यायचा असतो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय पारपत्रधारकास विमानतळावर व्हिसा मिळू शकतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या मुलाचा नियम त्याहून निराळा, आणि पुण्याहून येणाऱ्या सुनेस आगाऊ व्हिसा आवश्यक. एकाच कुटुंबातील चौघांना चार नियम लागू होऊ शकतात. चौघांचे कागद एकानेच एका तक्त्यात मांडावेत.

आरक्षण शक्यतो परत मिळणाऱ्या रकमेचे घ्यावे. जून २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात दोह्याहून अमिरातींकडे विमानेच जात नव्हती, आणि २३ जून २०२५ रोजी कतारची हवाई हद्द काही तास बंद राहिली. आखातात अंतर कमी असले, तरी मार्ग नेहमी खुला असेलच असे गृहीत धरता येत नाही.

प्रकृती आणि उंची

आज पन्नाशीत असलेल्या अनेक मराठी पालकांनी पहिले मोठे मनोरंजन उद्यान पाहिले ते गोराईचे, १९८९ मध्ये सुरू झालेले ‘एस्सेल वर्ल्ड’. त्यांच्या मुलांनी सुट्टीत भारतात आल्यावर २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलेले ‘इमॅजिका’ पाहिले असेल. तेव्हा प्रवेशद्वाराशी मुलांची उंची मोजली जात असे आणि अर्धा-एक इंचाने हिरमोड होत असे. आता अडणारे आईवडील असतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान व पाठीची दुखणी असणाऱ्यांना वेगवान राइडवर मनाई असते, आणि गर्भवती सुनेला किंवा मुलीलाही.

ही गोष्ट घरीच स्पष्ट बोलून घ्यावी. मुलांना वाईट वाटू नये म्हणून छातीत धडधडत असताना राइडवर बसणे हा खोटा उत्साह होय. त्याचप्रमाणे, आईवडील खाली उभे आहेत म्हणून मुलांनी संकोचाने आपला आनंद आवरू नये.

खर्च आणि वेळ

बहुतेक उद्यानांत सवलत कमी उंचीच्या मुलांना मिळते. सज्ञान मुलांचे तिकीट पूर्ण दराचे धरावे. खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आपल्याकडे बोलला जात नाही आणि म्हणून बिलाच्या वेळी अवघडलेपण येते. एक सोपी विभागणी पुष्कळ घरांना रुचेल : निवास आईवडिलांचा, उद्यानाची तिकिटे कमावत्या मुलांची, शिकणाऱ्यावर कोणताही भार नाही. कमावत्या मुलाला किंवा मुलीला खर्च करू देणे हाही मान देण्याचाच प्रकार आहे. खोल्या वेगळ्या घ्याव्यात. विवाहित मुलांसाठी तर हे गृहीतच धरावे.

दिवसाची आखणी सैल असावी. सकाळचे दोन तास सर्वांनी एकत्र, दुपारी ज्याने त्याने आपल्या आवडीचे, आणि रात्रीचे जेवण पुन्हा एकत्र, ही रचना उपयोगी पडते. नोकरी करणाऱ्या मुलाला दूरस्थ बैठक टाळता येत नसेल, तर तिची वेळ आधीच सांगावी. मग कोणी रुसत नाही. शाकाहारी जेवणाची सोय उद्यानाबाहेर शोधून ठेवावी.

शेवटी, एक दिवस कोणत्याही उद्यानाशिवाय दोह्यातील घरासाठी राखून ठेवावा. मुलांना त्यांची जुनी शाळा, कॉर्निश, ओळखीचे किराणा दुकान पाहू द्यावे, आणि त्यांची माळ्यावर ठेवलेली पुस्तके, पदके त्यांच्याच हाती द्यावीत. नोकरी केव्हा संपेल हे आधी कळत नाही. आवराआवरीच्या घाईत हे काम व्यवस्थित होत नाही, आणि तेव्हा मुले जवळ असतीलच असेही नाही.