एका रात्रीत उखडलेली धावपट्टी आणि नोटपॅडमधली फाइल

मंडळी, आज जरा मोठी पोस्ट आहे. विषय एका जुन्या कॉम्प्युटर गेमचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण मुद्दा खेळापुरता नाही.

शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठावर मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. 1948 साली सुरू झालेला, एकच धावपट्टी, लांबी साधारण 3,900 फूट. महापौर रिचर्ड डेली यांना तिथे बाग करायची होती आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू होता. 30 मार्च 2003 च्या रात्री तिथे बुलडोझर घुसले आणि धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणून ठेवल्या. ना नोटीस, ना सुनावणी. सकाळी 16 विमानं अडकलेली! त्यांना नंतर टॅक्सीवेवरून उडवून बाहेर काढावं लागलं. कारण सांगितलं गेलं सुरक्षेचं. पुढे 2006 मध्ये विमान वाहतूक प्रशासनाशी तडजोड झाली. शहराने 33,000 डॉलर दंड भरला आणि विमानतळ निधीतले 10 लाख डॉलर परत केले. विमानतळ मात्र गेला तो गेलाच.

आता गंमत बघा. शिकागोला कधीच न गेलेल्या लाखो लोकांना ही धावपट्टी पाठ होती. कारण मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर.

या खेळाचं मूळ ब्रूस आर्टविक या इंजिनिअरकडे जातं. इलिनॉय विद्यापीठात शिकताना 1975 साली त्यांनी विमानाचं उड्डाण संगणकाच्या पडद्यावर दाखवण्याच्या विषयावर प्रबंध लिहिला. मग सबलॉजिक ही कंपनी, ॲपल टू संगणकावरचा पहिला गेम आणि 1982 साली मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती. तेव्हापासून अनेक वर्षं गेम सुरू केला की तुमचं विमान मेग्जच्या धावपट्टीवर उभं असायचं. बाजूला सरोवर, पलीकडे शिकागोच्या उंच इमारती.

पण खरी मजा उडवण्यात कमी आणि गेमच्या फोल्डरमध्ये शिरण्यात जास्त होती, असं माझं मत. मी जुन्या आवृत्त्यांबद्दल बोलतोय. प्रत्येक विमानाचं एक फोल्डर, त्यात मॉडेल, पॅनेल, साउंड, टेक्श्चर असे उपफोल्डर आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’ नावाची फाइल. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडायची! विमानाचं वजन, इंधनाच्या टाक्या, चाकं नेमकी कुठे टेकतात, सगळं वाचता येईल अशा ओळींत लिहिलेलं. आकडा बदला, सेव्ह करा, उडवून बघा. विमान जास्त जड झालं की धावपट्टी संपत आली तरी नाक वर उचलत नाही, हे पुस्तकाशिवाय कळायचं.

विमानाला नवा रंग द्यायचा तर टेक्श्चरचं फोल्डर कॉपी करायचं, त्यातली चित्रं रंगवायची आणि सीएफजी फाइलमध्ये त्या रंगाची एक नवी नोंद टाकायची. नोंदींना 0, 1, 2 असे क्रमांक, मधला एक चुकला की पुढची विमानं यादीत दिसतच नाहीत. म्हणून पहिला नियम: आधी मूळ फाइलची कॉपी, मग हात लावायचा. विमानतळांचंही तसंच. सीनरीची फाइल फोल्डरमध्ये टाकायची, ‘सीनरी.सीएफजी’च्या यादीत तिची नोंद करायची, की नकाशावर नवा विमानतळ उभा.

मूळ गेममध्ये विमानांवर ऑर्बिट, पॅसिफिका अशा काल्पनिक कंपन्यांची नावं. मग लोकांनी आपापल्या देशाचे रंग चढवले. आपल्याकडच्या जेट एअरवेजचं 737, एअर इंडियाचं खिडक्यांवर महिरपी रंगवलेलं जम्बो. किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली, जेटचं उड्डाण एप्रिल 2019 मध्ये थांबलं. मुंबईच्या धावपट्टीवर ती विमानं आता दिसत नाहीत, पण कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर ती अजून रोज सांताक्रूझला उतरतात.

मेग्जचंही तेच झालं. मायक्रोसॉफ्टने 2006 च्या आवृत्तीतून तो काढून टाकला. खेळणाऱ्यांनी स्वतः फाइली बनवून तो परत आणला. महापौरांच्या बुलडोझरला तिथपर्यंत पोचता आलं नाही. या फाइली बहुतेक फुकट वाटल्या जायच्या. सोबतच्या ‘रीडमी’त एवढीच अट असायची की विकू नका आणि मूळ कर्त्याचं नाव पुसू नका.

पण फक्त फुकट वाटून भागत नाही, हेही याच इतिहासाने शिकवलं. मे 2009 मध्ये ॲव्हसिम या मोठ्या संकेतस्थळावर हॅकर्सनी हल्ला केला. मुख्य सर्व्हर आणि बॅकअपचा सर्व्हर, दोन्ही एकदमच गारद. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेला खजिना गेला असंच तेव्हा वाटलं. ते संकेतस्थळ पुढे पुन्हा उभं राहिलं, पण धडा स्पष्ट होता. एकाच्याच घरात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हेच.

आणि आता? नवा सिम्युलेटर दिसायला अफाट आहे, वादच नाही. सगळी पृथ्वी इंटरनेटवरून पडद्यावर येते. पण 2024 च्या आवृत्तीत बरीचशी विमानंही कंपनीच्या सर्व्हरवरूनच येतात. फोल्डर उघडलं तर आत ते विमान नसतंच. उघडायला फाइल नाही, म्हणजे बदलायला नाही, जपून ठेवायलाही नाही. सर्व्हर बंद करायचा निर्णय एखाद्या रात्री झाला, तर आपल्या हातात काय उरणार?

हा प्रश्न गेमपुरता नाही. आपले फोटो, पुस्तकं, गाणी, सातबारापासून सगळे कागद आता दूरच्या सर्व्हरवर चाललेत. सोय आहे, वापरावीच. पण जी गोष्ट सामान्य माणसाला उघडता येते आणि कॉपी करता येते, तीच टिकते. बाकीची कुणाच्या तरी मर्जीवर.

म्हणून एक विनंती. माळ्यावर जुना पीसी किंवा सीडी पडली असेल आणि त्यात तुम्ही रंगवलेलं विमान, बनवलेला विमानतळ असेल, तर भंगारात देण्याआधी ती फाइल काढून घ्या. दोन ठिकाणी ठेवा. आणि कोणतं विमान होतं, ते खाली नक्की सांगा.